पेशी गोठवायला शिकताना: डीएमएसओ, ग्लिसरॉल आणि घड्याळ

कोल्हापूर जिल्ह्यात जिवंत पेशी गोठवून ठेवणं ही काही फक्त प्रयोगशाळेच्या चार भिंतींतली गोष्ट नाही. म्हैस माजावर आली की कृत्रिम रेतन करणारे मोटारसायकलला द्रव नायट्रोजनचा कंटेनर बांधून गोठ्यावर येतात, पाव मिलीची बारीक स्ट्रॉ काढून कोमट पाण्यात धरतात आणि काम उरकून पुढच्या गावाला निघतात. त्या स्ट्रॉमधल्या शुक्रपेशी उणे १९६ अंश सेल्सिअसला कित्येक महिने पडून असतात. तरी त्या जिवंत राहतात, याचं श्रेय जितकं नायट्रोजनला, तितकंच त्या द्रावणातल्या सहा-सात टक्के ग्लिसरॉलला आणि अंड्याच्या बलकाला आहे.

हा लेख आहे तो मात्र एमएस्सी किंवा पीएचडीला नुकतेच लागलेल्यांसाठी. शिवाजी विद्यापीठात असा, बावड्याकडच्या कॉलेजात असा, कधीतरी सर किंवा मॅडम सांगतात, ‘या फ्लास्कमधल्या पेशी उद्या गोठवून टाका.’ त्या ‘उद्या’साठी हे लिहिलं आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. नवखा माणूस सगळं लक्ष थंडीवर ठेवतो. नायट्रोजन भरला का, फ्रीझर उणे ८० दाखवतोय का, हेच तो बघत बसतो. पेशी मरतात त्या मात्र बहुतेक वेळा दोन टोकांना: रक्षक रसायन, म्हणजे डीएमएसओ (डायमिथिल सल्फॉक्साइड) किंवा ग्लिसरॉल, घातल्यापासून गोठेपर्यंतच्या मिनिटांत, आणि वितळल्यापासून ते रसायन निघून जाईपर्यंतच्या मिनिटांत. उणे तापमानाला पेशीला वाचवणारं रसायन खोलीच्या तापमानाला तिला त्रास देतं. म्हणून हे सगळं काम घड्याळ समोर ठेवून करायचं.

थंडीत पेशी मरते कशानं

नुसत्या थंडीनं पेशी मरत नाही, पाण्यानं मरते. तापमान हळू उतरवलं तर बर्फ आधी पेशीच्या बाहेर धरतो. बर्फात फक्त पाणी जातं, मीठ मागे राहतं. त्यामुळे बाहेरचं उरलेलं द्रावण खारट होत जातं आणि पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. मिठात मुरत घातलेलं लिंबू जसं आकसतं तशी पेशी आकसते, आतले क्षार वाढतात, पटल आणि प्रथिनं बिघडतात. उलट तापमान फार झपाट्यानं उतरवलं तर पाण्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. मग बर्फ पेशीच्या आतच होतो आणि आतला बर्फ बहुतेक पेशींना मारतोच. पीटर मेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये ही दोन्ही कारणं एकत्र मांडली. हळू गेलात तर मीठ मारतं, जोरात गेलात तर बर्फ मारतो आणि मधला एक वेग असतो जिथे सर्वांत जास्त पेशी वाचतात. तो वेग प्रत्येक पेशीचा वेगळा. केंद्रक असलेल्या बहुतेक सस्तन पेशींना मिनिटाला साधारण एक अंश मानवतो. तांबड्या रक्तपेशीतून पाणी इतकं पटकन निघतं की तिला याच्या शेकडो पट वेग चालतो.

डीएमएसओ किंवा ग्लिसरॉल इथे काय करतं? ते पेशीच्या आत शिरतं आणि तिथलं पाणी अडवून धरतं. कोणत्याही तापमानाला जेवढा बर्फ झाला असता तेवढा होत नाही, म्हणून क्षारही तेवढे दाट होत नाहीत. रसायन नुसतं बाहेर राहिलं तर हा फायदा आत पोचत नाही. आत शिरायला वेळ लागतो आणि त्याच वेळात ते पेशीला इजाही करत असतं. सगळी कसरत आहे ती इथे.

कोणतं रसायन कशाला

ग्लिसरॉल आधी आलं. लंडनच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्रे स्मिथ आणि अ‍ॅलन पार्क्स कोंबड्याच्या शुक्रपेशी गोठवायचा प्रयत्न करत होते. साखरेच्या द्रावणानं काही साधत नव्हतं. काही महिन्यांनी शीतगृहातल्या बाटलीतलं जुनं द्रावण घेऊन पुन्हा पाहिलं, तर पेशी वितळल्यावर पोहू लागल्या. नवं साखरेचं द्रावण करून बघितलं, तर पुन्हा अपयश. बाटलीत थोडंसंच द्रावण उरलं होतं. त्यांनी ते संपवलं नाही, तपासायला दिलं. त्यात साखर नव्हतीच, ग्लिसरॉल आणि अल्ब्युमिन होतं. लेबलांची अदलाबदल झाली होती. १९४९ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि आज आपल्याकडच्या गोठ्यात येणारी स्ट्रॉ त्याच धाग्यातली आहे. तुमच्या बाकावर एखादा प्रयोग अचानक जमला तर उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, तारीख घालून ठेवा.

डीएमएसओ १९५९ मध्ये आलं, जेम्स लव्हलॉक आणि बिशप यांच्या कामातून. ग्लिसरॉलपेक्षा ते पेशीत लवकर शिरतं, म्हणून प्राण्यांच्या सेल लाइनसाठी (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या एकाच वाणाच्या पेशींसाठी) आज पहिली पसंती तीच. नेहमीचं प्रमाण दहा टक्के. पण डोळे झाकून सगळीकडे तेच घालू नका. एचएल-६० या रक्तकर्करोगाच्या पेशींना सव्वा टक्का डीएमएसओमध्ये काही दिवस ठेवलं की त्या आपला स्वभावच बदलतात, प्रौढ श्वेतपेशींसारख्या होऊ लागतात. अशा पेशींसाठी ग्लिसरॉलचा विचार करा, किंवा निदान डीएमएसओ वितळवल्या-वितळवल्या धुऊन काढा.

ग्लिसरॉलची मुख्य जागा जिवाणू, यीस्ट, बैल-रेड्यांच्या शुक्रपेशी आणि तांबड्या रक्तपेशी. दुर्मिळ रक्तगटाचं रक्त सुमारे ४० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ६५ अंशांखाली वर्षानुवर्षं ठेवता येतं. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे यांनी सांगितलेल्या बॉम्बे रक्तगटासारख्या गटासाठी ही सोय किती मोलाची आहे हे सांगायला नको. मात्र ते रक्त चढवण्याआधी ग्लिसरॉल टप्प्याटप्प्यानं धुऊन काढावंच लागतं, नाहीतर पेशी फुटतात.

इथिलीन ग्लायकॉल आणि प्रोपिलीन ग्लायकॉल तुम्हाला भ्रूण आणि स्त्रीबीजांच्या कामात भेटतील. सुक्रोज, ट्रेहॅलोज, हायड्रॉक्सिइथाइल स्टार्च ही मंडळी पेशीत शिरत नाहीत. बाहेर राहून आधीच थोडं पाणी ओढून घेतात आणि पटलाला सांभाळतात. एकट्यानं त्यांच्यावर भागत नाही, पण जोडीला घेतली तर डीएमएसओचं प्रमाण कमी करता येतं.

आदल्या दिवशीची तयारी

गोठवायच्या पेशी वाढीच्या भरात असल्या पाहिजेत. फ्लास्क ७० ते ८० टक्के भरलेला हवा, गच्च भरून पिवळा पडलेला नको. आदल्या दिवशी मीडियम (पेशी ज्यात वाढतात ते पोषक द्रावण) बदला. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून नवीन सेल लाइन आणली असेल तर पहिलं काम प्रयोग नव्हे, गोठवणं. पहिल्या दोन-तीन पॅसेजमध्येच (पॅसेज म्हणजे भरलेल्या फ्लास्कमधून नव्या फ्लास्कमध्ये लावण्याची एक फेरी) दहा-बारा व्हायल, म्हणजे गोठवायच्या छोट्या कुप्या, करून ठेवा. पेशी वाढल्या, प्रयोग झाले, मग उरल्या त्या गोठवू, असं म्हणणाऱ्याकडे शेवटी म्हाताऱ्या पेशी उरतात. मायकोप्लाझ्माची (कल्चरमध्ये नकळत शिरणाऱ्या अतिसूक्ष्म जिवाणूची) तपासणीही आताच करा. गोठवून मायकोप्लाझ्मा मरत नाही, उलट तोही पेशींबरोबर सुरक्षित राहतो.

गोठवण्याचं मीडियम करायची दोन सोपी मापं सांगतो. दहा मिलीसाठी एक मिली डीएमएसओ आणि नऊ मिली सीरम. सीरम महाग पडत असेल तर एक मिली डीएमएसओ, दोन मिली सीरम आणि सात मिली नेहमीचं मीडियम. चिवट पेशींना दुसरं पुरतं, नाजूक पेशींना पहिलंच द्या.

डीएमएसओ पाण्यात मिसळताना उष्णता निघते, नळी हाताला गरम लागते. म्हणून ते थेट पेशींवर कधीच ओतायचं नाही. मीडियम आधी करून चार अंशाला थंड करून ठेवायचं. डीएमएसओ ऑटोक्लेव्ह करू नका (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करू नका). निर्जंतुक, सेल कल्चर दर्जाची छोटी बाटली घ्या. गाळायचीच वेळ आली तर नायलॉन किंवा पीटीएफईचा फिल्टर वापरा, कारण सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा पडदा त्यात विरघळतो. ही बाटली साडेअठरा अंशांखाली गोठते. डिसेंबरच्या सकाळी कपाटातल्या बाटलीत खडा झालेला दिसला तर घाबरू नका, हातात धरून कोमट करा. ती हवेतलं पाणी ओढते, म्हणून आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत झाकण उघडं ठेवून गप्पा मारू नका.

आणि हातमोजे घाला. डीएमएसओ कातडीतून आत जातं आणि सोबत जे विरघळलेलं असेल तेही नेतं. थोड्या वेळानं तोंडाला लसणासारखी चव आली तर समजा, आत गेलं. नायट्राइलचे मोजे घ्या आणि शिंतोडा उडाला की लगेच बदला.

गोठवण्याचा दिवस

व्हायलवर लेबलं आधी लावा, पेशी हातात आल्यावर नव्हे. पेशीचं नाव, पॅसेज, तारीख, रसायन आणि प्रमाण, तुमची आद्याक्षरं. साधी स्केचपेनची शाई अल्कोहोलनं आणि दंवानं पुसली जाते. क्रायो लेबल किंवा अल्कोहोलला टिकणारा मार्कर वापरा.

ट्रिप्सिन या विकरानं पेशी तळापासून सोडवा, सीरमच्या मीडियमनं ट्रिप्सिन थांबवा, सेंट्रिफ्यूजमध्ये २०० जीला (गुरुत्वाच्या २०० पट जोरानं) पाच मिनिटं फिरवा. फिरवण्याआधी थोडा नमुना काढून ट्रिपॅन ब्लूनं (मेलेल्या पेशींना निळं करणाऱ्या रंगानं) मोजा. जिवंत पेशी ९० टक्क्यांपेक्षा कमी असतील तर त्या दिवशी गोठवू नका. अर्धमेल्या पेशी नायट्रोजनमध्ये जाऊन सुधारत नाहीत.

इथून घड्याळ सुरू. पेलेट (तळाला बसलेला पेशींचा गोळा) हलकेच सुटी करा आणि थंड गोठवण-मीडियम थेंबाथेंबानं घाला, नळी हळू फिरवत राहा. दर मिलीत दहा ते पन्नास लाख पेशी येतील असा हिशेब ठेवा. एकेक मिली व्हायलमध्ये भरा. मीडियम पेशींना लागल्यापासून व्हायल फ्रीझरमध्ये जाईपर्यंत दहा मिनिटांपेक्षा जास्त जाऊ देऊ नका. यासाठी एका वेळी सहा-आठच व्हायल घ्या. एकदम तीस व्हायल करायला बसाल तर पहिल्या व्हायलमधल्या पेशी शेवटचीची वाट बघत विष पीत बसतात.

मिनिटाला एक अंशाचा वेग मिळवायला महागडं यंत्र लागत नाही. आयसोप्रोपॅनॉल भरलेला डबा मिळतो, तो खोलीच्या तापमानाला आणून त्यात व्हायल ठेवा आणि पूर्ण डबा उणे ८० मध्ये रात्रभर ठेवा. पाच वेळा वापरल्यावर आयसोप्रोपॅनॉल बदला, ते पाणी धरतं आणि वेग बिघडतो. डबा नसेल तर जाड थर्मोकोलचा घट्ट झाकणाचा खोका बऱ्याच सेल लाइनला पुरतो. पण मग प्रत्येक वेळी तोच खोका, तेवढ्याच व्हायल आणि फ्रीझरमधली तीच जागा ठेवा. वेग दर वेळी सारखा राहणं सगळ्यात महत्त्वाचं.

दुसऱ्या दिवशी व्हायल नायट्रोजनमध्ये हलवा. उणे ८० हा मुक्काम नाही, थांबा आहे. तिथे बर्फाचे स्फटिक हळूहळू मोठे होतच राहतात आणि काही महिन्यांत प्राण्यांच्या पेशींची जगण्याची टक्केवारी घसरते. उणे १३० अंशांखाली गेल्यावरच पेशीतलं सगळं व्यवहारात थांबतं. शक्य असेल तर व्हायल नायट्रोजनच्या वाफेत ठेवा, द्रवात बुडवू नका. झाकण सैल असेल तर द्रव आत शिरतो आणि वितळवताना त्याची वाफ होऊन व्हायल फुटते.

जिवाणूंसाठी हे सगळं फारच सोपं आहे. ग्लिसरॉल चिकट असतं, पिपेटनं मापलं की टोकात अडकून कमी जातं, म्हणून वजन करा. ६३ ग्रॅम ग्लिसरॉल घेऊन पाण्यानं १०० मिली करा, झालं ५० टक्के. १२१ अंशाला १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करा. रात्रभर वाढवलेलं कल्चर आणि हे द्रावण समसमान मिसळा, म्हणजे शेवटचं प्रमाण २५ टक्के. थेट उणे ८० मध्ये. वापरताना व्हायल वितळवायची नाही, वरून लूपनं खरवडून घ्यायचं आणि लगेच परत ठेवायची.

वितळवताना

गोठवताना हळू, वितळवताना झटपट. हळू वितळवलं तर बारीक स्फटिक एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि आत्तापर्यंत वाचलेली पेशी तेव्हा फाटते. ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये व्हायल हलवत धरा, झाकण पाण्याच्या वर ठेवा. दीड-दोन मिनिटांत मुगाच्या दाण्याएवढा बर्फ उरेल, तेव्हा बाहेर काढा. तोंडासमोर फेस शील्ड हवीच. स्ट्रॉसाठीही ३७ अंशाचं पाणी आणि ३० सेकंद, इतकाच नियम. बोटांत चोळून किंवा खिशात घालून वितळवलेली स्ट्रॉ म्हणजे शेतकऱ्याच्या म्हशीचे पुढचे २१ दिवस वाया घालवणं, आणि त्याच्या दुधाच्या हिशेबात ते २१ दिवस फार महाग असतात.

मग येतो तो टप्पा, जो पुस्तकं एका ओळीत उरकतात. वितळलेल्या पेशीच्या आत दहा टक्के डीएमएसओ भरलेलं आहे. ती एकदम साध्या मीडियममध्ये सोडली की पाणी धावत आत शिरतं, डीएमएसओ तितक्या लवकर बाहेर पडत नाही आणि पेशी फुगून फुटते. म्हणून एक मिली पेशींवर पहिलं एक मिली कोमट मीडियम थेंबाथेंबानं, मिनिटभर वेळ घेऊन घाला. पुढचं जरा लवकर घालून एकूण दहा मिली करा. डीएमएसओ आता एक टक्क्यावर आलं. २०० जीला पाच मिनिटं फिरवा, वरचं काढा, ताज्या मीडियममध्ये लावा. फिरवण्याचा ताणही न सोसणाऱ्या पेशी असतील तर न फिरवता मोठ्या फ्लास्कमध्ये भरपूर मीडियममध्ये लावा आणि दुसऱ्या दिवशी मीडियम बदला.

लगेच ट्रिपॅन ब्लू घालून ‘९० टक्के जिवंत’ असं वहीत लिहून मोकळं होऊ नका. गोठवण्यात जखमी झालेल्या बऱ्याच पेशी पुढच्या चोवीस तासांत मरतात. दुसऱ्या दिवशी तळाला किती चिकटल्या ते बघा, तोच खरा आकडा. प्रत्येक तुकडीतली एक व्हायल आठवड्याभरात काढून अशी तपासायचीच. तोवर मूळ फ्लास्क टाकून द्यायचा नाही.

बर्फच होऊ न देणं

भ्रूण, स्त्रीबीज आणि वनस्पतींची कोंबाग्रं यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे, व्हिट्रिफिकेशन. रसायनं इतकी दाट आणि थंडी इतकी झपाट्यानं की पाणी स्फटिक न होता काचेसारखं घट्ट होतं. रॉल आणि फाही यांनी १९८५ मध्ये उंदराचे भ्रूण असे टिकवून दाखवले. वनस्पतींसाठी पीव्हीएस-२ हे द्रावण बहुतेक ठिकाणी वापरतात: ३० टक्के ग्लिसरॉल, १५ टक्के इथिलीन ग्लायकॉल, १५ टक्के डीएमएसओ आणि ०.४ मोलर सुक्रोज. म्हणजे साठ टक्के रसायनंच. त्यात ऊतक किती मिनिटं ठेवायचं यावर सगळं अवलंबून असतं आणि ते प्रत्येक जातीसाठी स्वतः चाचणी घेऊन ठरवावं लागतं. नवख्यानं सुरुवात इथून करू नये. साध्या सेल लाइनवर हात बसला की मग या.

नायट्रोजन, वीज आणि पंचगंगा

द्रव नायट्रोजनची वाफ होताना आकार सुमारे ७०० पट वाढतो. बंद खोलीत तो हवेतल्या ऑक्सिजनची जागा घेतो आणि वास नसल्यानं कळतही नाही. खिडकी उघडी ठेवा, एकट्यानं भरू नका, लिफ्टमधून कंटेनर नेताना माणूस सोबत पाठवू नका. कंटेनर मोटारीतून नेत असाल तर काचा उघड्या. झाकण कधीही आवळून बंद करायचं नाही, वाफेला वाट हवी.

पातळी आठवड्याला एकदा ठरल्या दिवशी बघा. लाकडी पट्टी तळापर्यंत दहा सेकंद बुडवून हवेत हलवली की दंव जिथपर्यंत धरतं तिथपर्यंत नायट्रोजन. वजनकाटा असेल तर आणखी चांगलं, एक लिटर म्हणजे साधारण ०.८ किलो. व्हायल शोधताना कॅनिस्टर (व्हायल ठेवलेला लांब दांड्याचा डबा) कंटेनरच्या मानेच्या वर काढू नका आणि पाच-सात सेकंदांत परत खाली सोडा. व्हायल हातात घेऊन लेबल वाचत बसायची वेळ येऊ नये, यासाठी कोणती व्हायल कुठल्या कप्प्यात ते वहीत असलं पाहिजे.

आपल्या गावाचा एक खास हिशेब आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हा पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. नायट्रोजन रस्त्यानंच येतो. तीन लिटरचा छोटा कंटेनर काही आठवडेच तग धरतो, तोंड वारंवार उघडलं तर त्याहून कमी. वीज गेली की उणे ८० चा फ्रीझर जनरेटरच्या डिझेलवर अवलंबून, आणि डिझेलही रस्त्यानंच येतं.

म्हणून मे महिन्याच्या अखेरीला एवढं कराच. कंटेनर काठोकाठ भरून घ्या. उणे ८० मध्ये रेंगाळलेल्या व्हायल नायट्रोजनमध्ये हलवा. तळमजल्यावर किंवा सखल भागात कंटेनर असेल तर वरच्या मजल्यावर न्या. प्रत्येक महत्त्वाच्या पेशीच्या व्हायल दोन वाटण्यांत करा आणि एक वाटणी गावाच्या दुसऱ्या भागातल्या, उंचावरच्या एखाद्या प्रयोगशाळेत ठेवायला द्या. त्यांच्याही तुम्ही ठेवून घ्या. कुठल्या व्हायल कुणाकडे आहेत याची यादी दोन्ही ठिकाणच्या वहीत आणि मार्गदर्शकांच्या फोनमध्ये हवी.